ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या धंद्यावर लेख आला होता, सांगली-कोल्हापूरकडची पोरं आता फुकेत, बाली, दुबईला जाऊन लग्नं शूट करतात, कॅमेऱ्याच्या जोरावर जग फिरतात वगैरे. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, आईने ते पान कापून फ्रीजवर चिकटवलंय. पण त्यात एक गोष्ट राहून गेली, आणि ती आम्ही फोटोग्राफर लोक आपसात पण चहाच्या टपरीवर हळू आवाजातच बोलतो. आम्ही तिकडं जातो ते कोण म्हणून जातो? कामाला जातो, ॲडव्हान्स घेऊन जातो, पण इमिग्रेशनच्या खिडकीवर आम्ही टुरिस्ट असतो. नाहीतर नवरीच्या मामाकडचे पाहुणे.

मागच्या लग्नसराईतली गोष्ट सांगतो. थायलंडमधल्या फुकेतची ऑर्डर होती, तीन दिवसांचं लग्न, पार्टी पुण्याची आणि मधे मुंबईचा प्लॅनर. आमची टीम पाच जणांची. मी कँडिडला, एकजण ट्रॅडिशनलला, दोघं व्हिडिओला आणि लाईट धरायला आमचा पोरगा, त्याला इथं आपण पिंट्या म्हणू. जायच्या आदल्या रात्री प्लॅनरचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला, विचारलं तर मुलीकडचे पाहुणे म्हणून सांगा, एका लाईनीत उभे राहू नका, कॅमेरे वाटून घ्या, एकेकाकडं एकच दिसला पाहिजे. आम्ही पण शहाण्यासारखं सगळं वाटून घेतलं, लेन्सा मोज्यात घातल्या, कार्डं पाकिटात टाकली. आणि पाचही जणांनी अंगात घातले काळे टी-शर्ट, पाठीवर आमच्या स्टुडिओचं नाव आणि खाली मोठ्या अक्षरात 'क्रू'. डझनात स्वस्त पडले म्हणून मीच छापून घेतलेले. विमानात बसल्यावर लक्षात आलं, पण तोवर बॅगा खाली गेल्या होत्या.

आम्ही चौघं सुटलो. पिंट्या अडकला. त्याला बाजूच्या खोलीत नेलं, हिंदी येणारा कोणीतरी बोलावला आणि विचारलं कशाला आलास, हा म्हणाला लग्नाला. नवरी कोण तुझी? लांबची बहीण. नाव काय तिचं? आता आमच्याकडं फोल्डरला नाव असतं तारखेचं आणि गावाचं, नवरीचं नाव अल्बमच्या कव्हरवर टाकायच्या वेळेला आठवतं. पिंट्याने सांगितलं, "दीदी." लाईट लावताना नवरीला दीदी म्हणायचं हे त्याला मीच शिकवलेलं. मग बॅग उघडली. दोन फ्लॅश, ट्रिगर, रबर बँड लावलेले चोवीस पेन्सिल सेल, काळ्या टेपचं बंडल आणि घडी घातलेला सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करायची कापडी पेटी. फिरायला आलेला माणूस सॉफ्टबॉक्स घेऊन येत नाही हे कळायला अधिकारी फार हुशार असायला लागत नाही. खिशात किती बाट आहेत दाखव म्हणाले, तर हजार-अकराशे निघाले. रात्रीच्या विमानाने परत.

त्यावर प्लॅनर काय म्हणाला, एक माणूस कमी आला म्हणजे तेवढे पैसे कमी, आणि तिकिटाचं तुमचं तुम्ही बघा. मी पिंट्याला तीन दिवसांची मजुरी दिली, हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, त्याला पढवून पाठवणारा मीच होतो. ते तीन दिवस लाईट कोणी धरला तर पार्टीच्या ड्रायव्हरने, आणि संगीतचे निम्मे फोटो त्यामुळे एका बाजूला जळालेत.

आता कायद्याचं बोलतो, कारण परत आल्यावर महिनाभर मी तेच वाचत बसलो होतो. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवस बिनव्हिसा प्रवेश दिला, जुलै २०२४ मध्ये तो ६० दिवसांचा केला, आणि आमच्या धंद्यात सगळ्यांनी त्याचा अर्थ काढला की थायलंड ओपन झालं. झालं, पण फिरायला. काम करायचं तर वर्क परमिट लागतं, आणि परमिट नसताना सापडलात तर त्यांच्या २०१७ च्या परदेशी कामगारांच्या कायद्यात (२०१८ मध्ये बदल होऊन) दंड आहे ५ हजार ते ५० हजार बाट, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या पुढं, वर देशाबाहेर काढतात आणि दोन वर्षं परमिट मिळत नाही. १ मे २०२५ पासून तर तिथं जायच्या आधी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, त्यात तुमचा व्यवसाय काय आणि येताय कशासाठी असे दोन वेगवेगळे रकाने आहेत. व्यवसाय फोटोग्राफर आणि कारण हॉलिडे असं लिहिलं तरी काही बिघडत नाही, फोटोग्राफर काय सुट्टीवर जात नाही काय, पण मग बॅगेत सॉफ्टबॉक्स नको.

आमच्यातला सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे पैसे तर इंडियातच मिळतात ना, रुपयात मिळतात, पार्टी पुण्याची, बिल सांगलीचं, मग तिकडच्या सरकारचा संबंध काय. संबंध आहे बाबा. बहुतेक देशात पैसे कुठं मिळाले हे नंतर बघतात, काम कुठं केलं हे आधी बघतात. कॅमेरा फुकेतच्या बीचवर चालला म्हणजे काम फुकेतला झालं.

याला एक चांगला अपवाद अमेरिकेचा आहे आणि तो आपल्या लोकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. त्यांच्या व्हिसा अधिकाऱ्यांच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की स्टिल फोटोग्राफर बी-१ म्हणजे धंद्याच्या भेटीच्या व्हिसावर येऊन फोटो काढू शकतो, अट एकच, अमेरिकेतून त्याला पैसे मिळता कामा नयेत. म्हणजे समजा न्यू जर्सीत राहणाऱ्या पोराचं लग्न तिकडंच आहे आणि पुण्यात राहणारे आईबाप इथूनच रुपयात फोटोग्राफरला पैसे देतायत, तर जमतं. तेच पैसे नवऱ्या मुलाने तिकडच्या खात्यातून डॉलरमध्ये दिले की जमत नाही. काम तेच, अंतरपाट तोच, फक्त पाकीट कोणाच्या खिशातून निघालं एवढाच फरक. आणि हे स्टिलवाल्यांसाठी लिहिलेलं आहे, व्हिडिओवाल्याने त्यात आपोआप स्वतःला धरू नये.

इंग्लंडचं उलटंच. तिथं ३१ जानेवारी २०२४ पासून साध्या व्हिजिटर व्हिसावर पण काही ठराविक लोकांना पैसे घेऊन काम करता येतं, आल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि ते काम निघायच्या आधी ठरलेलं पाहिजे. आमच्यातल्या एकाने हे वाचून लगेच ग्रुपवर टाकलं, लंडन खुलं झालं म्हणून, वर तीन टाळ्यांचे इमोजी. पण त्यातली कलाकाराची अट नीट वाचली तर बोलावणं तिथल्या कला किंवा मनोरंजन क्षेत्रातल्या संस्थेचं, एजंटचं नाहीतर ब्रॉडकास्टरचं पाहिजे. लेस्टरला राहणारी मावशी ही मनोरंजनाची संस्था होत नाही, घरच्यांना तसं वाटत असलं तरी.

बालीबद्दल जास्त लिहीत नाही, फक्त एवढंच की विमानतळावर ५ लाख रुपिया भरून जो व्हिसा मिळतो त्यावर कमाई चालत नाही आणि इंडोनेशियाच्या २०११ च्या इमिग्रेशन कायद्यात, कलम १२२, परवान्याचा गैरवापर केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियापर्यंत दंड लिहिलेला आहे, आपले पंचवीस लाखाच्या वर जातात. २०२३ मध्ये तिथून काही रशियन लोकांना परत पाठवलं, त्यात फोटोग्राफी करणारे पण होते. म्हणजे नुसतं कागदावर आहे असं समजू नका.

आता दुबई. यूएईने ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा बदलला आणि परमिट नसलेला माणूस कामाला लावणाऱ्या मालकाचा दंड वाढवला, आधी ५० हजार ते २ लाख दिरहम होता तो १ लाख ते १० लाख दिरहम केला. बघा, मालकाचा. आणि गंमत म्हणजे त्यानंतर तिकडच्या एका लग्नाची चौकशी आली तेव्हा पहिल्यांदाच तिथल्या प्लॅनरने मेलमध्ये रेट विचारायच्या आधी टीमच्या पासपोर्टच्या कॉप्या मागितल्या, परमिटचं आम्ही बघतो म्हणाला. वीस वर्षं लग्नं करतोय, असा मेल कधी आला नव्हता. माझा मुद्दा हाच आहे. काम सांगणाऱ्याच्या खिशाला झळ बसायला लागली की कागद निघतात, नाहीतर सगळी जोखीम सरकत सरकत लाईट धरणाऱ्या पोरापर्यंत येते. थायलंडच्या कायद्यात पण काम देणाऱ्याला माणशी १० हजार ते १ लाख बाट दंड आहे, पण आमचा प्लॅनर बसतो मुंबईत, त्याला कोण विचारणार. तो उंटावरून शेळ्या हाकतो, बिझनेस क्लासने येतो आणि सांगतो तुम्ही एका लाईनीत उभे राहू नका.

हे फक्त फोटोग्राफरांचं नाही. मेकअपवाली, मेहंदीवाल्या, ढोलवाले, आणि परदेशातल्या लग्नाला सोवळं बॅगेत घालून जाणारे भटजी, सगळे टुरिस्टच. फक्त भटजींच्या बॅगेत चोवीस सेल सापडत नाहीत.

कोणी म्हणेल तिकडचाच फोटोग्राफर घ्या ना मग. घेतात की, पण पार्टी आम्हाला नेते त्याला कारण आहे. अंतरपाट खाली येतो तो अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो. शेवटचं 'सावधान' कधी येणार हे मंगलाष्टकाच्या चालीवरून कळतं, भटजी कुठं श्वास घेतो त्यावरून कळतं, त्याआधी आपण वाकून बसलेलं असावं लागतं, आणि अक्षता पडायच्या आत दोघांचे चेहरे घ्यावे लागतात, नंतर फ्रेममध्ये नुसता तांदूळ दिसतो. फुकेतचा पोरगा आमच्यापेक्षा भारी फोटो काढत असेल, पण त्याला हे कुठून कळणार. मग हे खास काम आहे तर खास काम म्हणूनच जाऊ द्या आम्हाला, चोरून कशाला. थायलंडच्या कायद्यात तातडीच्या आणि गरजेच्या कामासाठी १५ दिवसांची नोंद करायची सोय आहे, तिथल्या कंपनीमार्फत अर्ज होतो, मान्य करायचं की नाही ते तिथले अधिकारी ठरवतात. सहा महिने आधी मुहूर्त काढलेलं लग्न तातडीचं कसं म्हणून हसतील कदाचित, हसू द्या, अर्ज तर करा. आम्ही अर्जच करत नाही.

आता खरी अडचण, ज्यावर तुमच्या पेपरने लिहावं असं मला वाटतं. पिंट्या दहावी नापास. त्याच्या पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. १९८३ च्या कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाला ठराविक १८ देशांत नोकरीला जायचं तर आधी आपल्याच सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडून मंजुरी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवरून. अरबी देशात कामगारांची फसवणूक होऊ नये म्हणून ही व्यवस्था, हेतू चांगलाच आहे. पण त्या १८ देशांत यूएई आहे तसा थायलंड पण आहे, इंडोनेशिया, मलेशिया पण आहेत, म्हणजे आमचा अख्खा बाजार. फिरायला जायचं तर ही मंजुरी लागत नाही. म्हणजे बघा कसं आहे, खोटं बोलून टुरिस्ट म्हणून गेला तर कागद कमी, खरं बोलून कामाला म्हणून जायचं ठरवलं तर तिकडचं परमिट काढा आणि वर इकडची मंजुरी काढा, ते पण तीन दिवसांच्या लग्नासाठी. पाच जणांत ज्याची मजुरी सगळ्यात कमी, त्यालाच कागद सगळ्यात जास्त. मी ग्रॅज्युएट, मला ही भानगडच नाही. यातून सुटायचा एक रस्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो म्हणून लिहितो, जो माणूस इन्कम टॅक्स भरतो त्याला ईसीआरमधून सूट मिळते, पन्नाशी पार केलेल्याला मिळते, आणि दहावी पास झाला की मिळतेच. पण दिवसाला दीड हजार रोखीत घेणारा पोरगा टॅक्स कसला भरतोय.

आणि सरकारचं पण बघा. फुकेतच्या लग्नाचं बिल मी १८ टक्के जीएसटी लावून केलं, त्यावर फोटोग्राफी, ठिकाण फुकेत असं स्वच्छ लिहिलंय. तेच बिल खिशात आणि तोंडाने म्हणतोय पाहुणा आहे. एका सरकारला सांगितलं काम केलं, दुसऱ्याला सांगितलं समुद्र बघितला.

परत येताना पण एक धडा मिळाला तो जाता जाता सांगतो, मुंबईला कस्टमने कॅमेऱ्याच्या दोन बॉडी आणि लेन्सा बाजूला काढल्या, तिकडून आणल्या का म्हणून. जुन्या होत्या, इथंच घेतलेल्या, पण सिद्ध कसं करणार, बिलं सांगलीला कपाटात. जाताना विमानतळावर कस्टमच्या काउंटरवर सामान दाखवून सिरियल नंबरसकट एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं, फुकटात काम होतं, थोडा वेळ जातो एवढंच. पण पाहुणा म्हणून जाणारा माणूस तीन बॉड्या आणि सात लेन्सांची यादी घेऊन सरकारी काउंटरवर कशाला जाईल? एक खोटं झाकायला दुसरं, असं करत करत आपलाच माल आपल्याच देशात चोरीचा दिसायला लागतो.

आपण फार बिचारे आहोत असं पण नाही. गोव्यात मोरजीला माझा एक मित्र प्री-वेडिंग शूट करतो, तो कायम चिडलेला असतो की परदेशी लोक टुरिस्ट व्हिसावर येऊन बीचवर शूट घेतात आणि त्याचा रेट पाडतात. त्याची तक्रार बरोबर आहे, आपल्याकडं पण टुरिस्ट व्हिसावर कमाई चालत नाहीच, एम्प्लॉयमेंट व्हिसाला तर साधारणपणे वर्षाला सव्वासोळा लाख पगाराची अट आहे. मग तोच मित्र जानेवारीत बालीला गेला होता, ऑर्डरला. मी त्याला विचारलं, तर म्हणाला ते वेगळं.

पंतप्रधानांनी २०२३ मध्ये 'वेड इन इंडिया' म्हणून सांगितलं, श्रीमंतांनी लग्नं देशातच करावीत म्हणून. करावीत की, आमची काय ना नाही, महाबळेश्वरला केलं तर पिंट्या एसटीने येईल. पण ज्यांना बाहेर करायचंय ते करणारच, आणि आम्ही पण जाणारच, कारण फुकेतच्या तीन दिवसांत जे सुटतात ते इथं सहा लग्नांत सुटत नाहीत. तेव्हा निदान जाणं तरी सरळ असावं. प्लॅनरने कोटेशनमध्ये हॉटेल, फुलं, आतषबाजी, नवरदेवाच्या एंट्रीचा धूर, सगळ्याच्या ओळी टाकलेल्या असतात, त्यात क्रू परमिट अशी एक ओळ टाकायला काय होतं? धुराच्या खर्चात चार माणसांचे कागद होतील. आणि आम्ही पण ठरवलं पाहिजे की ती ओळ नसेल तर ॲडव्हान्स घ्यायचा नाही. माहितीये, आपण नाही म्हटलं की दुसरा जातो, निम्म्या रेटमध्ये जातो. म्हणून हे एकट्यादुकट्याने व्हायचं काम नाही, संघटनांनी करायचं आहे. तालुक्या-तालुक्याला आपल्या फोटोग्राफर संघटना आहेत, १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन म्हणून कॅमेऱ्याला हार घालतो, नारळ फोडतो, रक्तदान करतो, कंपनीवाले येऊन नवीन मॉडेल दाखवतात. त्या दिवशी एक तास कोणीतरी पासपोर्ट आणि परमिटचं माहीत असलेला माणूस बोलवा, आणि मराठीत बोलवा. नवीन बॉडीचे मेगापिक्सल आम्हाला युट्युबवर पण कळतात.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी पुरवणीत आमचे बीचवरचे फोटो छापाल तेव्हा शेजारी चौकटीत कुठल्या देशात कामाला काय लागतं ते पण छापा, वकिलाकडून तपासून. आई तेवढं पण कापून ठेवेल.

पत्र छापलंत तर नाव छापू नका, सीझन तोंडावर आहे आणि त्या प्लॅनरकडून अजून बाकी यायचीये.

आपला,
एक लग्नाचा फोटोग्राफर
जि. सांगली

ता. क. : पिंट्याने यावर्षी दहावीला बाहेरून बसायचं म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरलाय. गणिताची भीती वाटते म्हणतो. ॲपर्चर, शटर आणि आयएसओचा हिशोब डोळे मिटून करतो, पण अपूर्णांक म्हटलं की हातपाय गळतात. संध्याकाळी स्टुडिओ बंद झाला की शटर अर्धं ओढून आम्ही दोघं तेच करत बसतो, एफ ५.६ वरून एफ ८ म्हणजे उजेड निम्मा, इथून सुरुवात केलीये.